ऑरिनशी कोणी बोलेना

"काय रे आळशांनो, उठलात का?" नेहमीची आरोळी ठोकत कोच ऑरिन टॅकेट ड्रेसिंग रूममध्ये शिरला, तर एकानंही मान वर केली नाही. एरवी या आरोळीला चारी बाजूंनी शिव्या परत यायच्या. आज संघातला पोरगेला खेळाडू यादिएल बुटाच्या नाड्यांकडे असा बघत बसला होता, जणू नाड्या ही वस्तू तो आयुष्यात पहिल्यांदाच पाहतोय.

ऑरिन दारातच थबकला. मग त्याला एकदम उमगलं आणि त्याचा चेहरा उजळला.

बेसबॉलवाल्यांची एक खोडसाळ रीत आहे. नव्या पोरानं पहिला होमरन मारला, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर धाडला, की सगळा संघ त्याच्याशी अबोला धरतो. तो बिचारा टाळी मागत फिरतो आणि सगळे भिंतीकडे बघतात. मग अचानक सगळे त्याच्या अंगावर तुटून पडतात. आमच्या डनबार फेरी गावच्या मस्करॅट्स संघात कुणाला वरच्या लीगचं बोलावणं आलं तरी हेच चालायचं. आणि वरच्या संघाचा एक कोच नुकताच नोकरी सोडून गेल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं.

ऑरिनची सगळी जवानी खालच्या लीगमध्ये गेली. बसमध्ये झोपायचं, बोटं मोडून घ्यायची, एका संघानं काढलं की दुसऱ्याचं दार ठोठावायचं. गुडघे गेले तेव्हा तो कोच झाला. पण वरच्या लीगचं मैदान त्यानं पाहिलं ते तिकीट काढूनच. "एकदा, फक्त एकदा तो गणवेश घालून तिथं उभं राहायचंय गं," असं तो बायकोला, नेड्राला, दर हिवाळ्यात म्हणायचा.

खरी गोष्ट भलतीच होती. आदल्या संध्याकाळी मालकांनी मॅनेजर कोल्बीला बजावलं होतं, की उद्याच्या सामन्यानंतर ऑरिनला नारळ द्या. कोल्बी वयानं ऑरिनच्या मुलासारखा. त्याला हे सांगणं जमेना. तो पट्ट्या बांधणाऱ्या डॉक्टरला म्हणाला, "तुम्ही सांगा ना." डॉक्टरनं ते चेंडूफेकीच्या कोचवर ढकललं, त्यानं यादिएलवर. असं करता करता ऑरिन सोडून सगळ्यांना कळलं, आणि त्याच्याशी बोलायचं कसं हे कुणालाच सुचेना.

ऑरिननं मात्र नाटकात रंग भरायला सुरुवात केली. टाळीसाठी हात पुढे केला, कुणी दिली नाही, तर स्वतःच स्वतःला टाळी दिली आणि वाकून मुजरा केला. यादिएलनं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

"दाब, दाब हसू!" ऑरिन ओरडला. "फुटशील लेका!"

मग त्यानं नेड्राला फोन लावला. "बॅगा भर! मला वर बोलावलंय."

"काय सांगतोस! कोण म्हणालं?"

"कोणीच नाही! सकाळपासून एक माणूस माझ्याशी बोलत नाहीये!"

नेड्रानं सगळा संसार बेसबॉलवाल्याबरोबर केलेला; या अबोल्याचा अर्थ तिला ठाऊक होता. ती जागच्या जागी रडायलाच लागली. मग तिनं चर्चमधल्या बायकांना सांगितलं आणि त्या बायकांनी गावाला. सामना निम्मा होतो न होतो तोच लोक ऑरिनच्या नावाची चादर रंगवून हजर झाले. लाउडस्पीकरवाल्यानंही अभिनंदन करून टाकलं. सगळी गॅलरी उभी राहिली. ऑरिननं टोपी काढून हलवली. मैदानाच्या कडेला डगआउटच्या बाकांवर खेळाडू तेवढे खाली मान घालून बसले होते.

"कुणीतरी सांगा रे त्याला," कोल्बी पुटपुटला.

"आता?" डॉक्टर म्हणाला. "आता सांगितलं तर लोक आपल्याला मैदानातच गाडतील."

वर जाणाऱ्यानं संघाला जेवण द्यायचं असतं. सामना संपला तेव्हा टेबलावर ऑरिननं मागवलेली डुकराच्या भाजलेल्या बरगड्यांची ताटं वाफाळत होती, आणि एकही हात पुढे होत नव्हता.

"खा की रे! पुरे झालं आता नाटक!" ऑरिन म्हणाला.

यादिएल हुंदका देऊन बाहेर पळाला. ऑरिनचं हसू तोंडावर तसंच राहून गेलं.

"कोच," कोल्बी दारातून म्हणाला, "जरा आत येता?"

आत जाऊन कोल्बी उभाच राहिला. "हवा छान होती आज, नाही? म्हणजे... पाऊस आला असता तर... बरगड्या चांगल्या दिसतायत..."

ऑरिननं त्याच्याकडे नीट पाहिलं. कोल्बीच्या कपाळावर घाम होता.

"मला काढलंय?"

कोल्बीनं होकाराची मान हलवली. "सांगायला कोणी नव्हतं हो. इथं पोरांना काढल्याचं सांगायचं काम नेहमी तुमचंच. मला नाही येत ते."

ऑरिन खुर्चीत बसला. बाहेर लोक अजून त्याच्या नावानं ओरडत होते. घरी नेड्रा बॅगा भरत असेल, हे आठवून त्यानं डोळे मिटले. ते उघडले तेव्हा त्याचा आवाज सरावाच्या वेळचा होता.

"असं नसतं सांगायचं पोरा. हवेचं काय काढतोस? उद्या एखाद्या वीस वर्षांच्या पोराला घरी पाठवायचं झालं तर त्यालाही बरगड्यांचंच सांगणार? दार लाव. समोर बस. आधी बातमी, मग बाकीचं. आणि डोळ्यात बघ माझ्या. चल, पुन्हा."

कोल्बीनं दार लावलं. समोर बसला.

"ऑरिन, संघ तुम्हाला सोडतोय. आजचा सामना तुमचा शेवटचा. तुमचं काही चुकलेलं नाही. मी खेळाडू म्हणून संपलो त्या दिवशी तुम्ही याच खोलीत माझ्याजवळ बसला होतात, म्हणून मी आज उभा आहे."

ऑरिननं मान डोलावली. "बरोबर, अस्संच," म्हणायला त्यानं तोंड उघडलं. पण पोरानं इतकं नीट सांगितलं होतं, की टोपी तोंडावर दाबून तो ढसाढसा रडला.