सरळ रेषेला शॉक

आमच्या करंजाड्याच्या सोसायटीतले म्हात्रेकाका सुपरहिरोच्या सिनेमात मारामारी चालू असताना डुलक्या काढतात आणि दवाखाना दिसला की ताठ बसतात. हयातभर इस्पितळातली यंत्रं दुरुस्त केलेला माणूस. जगबुडी झालेली त्यांना चालते, वायर चुकीची लागलेली चालत नाही.

या सिनेमांचा खरा नाद काकूंचा. मागे एकदा त्या आम्हा दोघांना खारघरला घेऊन गेल्या. पडद्यावर हिरो मेला, मॉनिटरवर सरळ रेष आली आणि डॉक्टरीणबाईंनी त्याच्या छातीला शॉक दिला. काका उभेच राहिले.

"सरळ रेषेला शॉक देत नाय! छाती दाबा त्याची, छाती!"

मागून एकजण ओरडला, "ओ काका, तो हवेत उडतो ते चालतं का तुम्हाला?"

"उडू दे. उडण्याचं आपल्याला म्हाईत नाय. मशीनचं म्हाईत हाय!"

"बसा आता," काकू पॉपकॉर्न खातखात म्हणाल्या. "जिता झालाय तो."

पुढे जखमी नायिकेला निळ्या पाण्याच्या टाकीत बुडवून बरं करत होते. सगळं थिएटर गप्प, आणि काकांचा प्रश्न, "ही टाकी धुतं कोन?" तेव्हापासून मलाही असल्या सीनमध्ये नायिका दिसत नाही, टाकीच दिसते.

गेल्या महिन्यात काकूंना चक्कर यायला लागली. त्यांच्या छातीत पेसमेकर आहे. त्याची बॅटरी संपत आली होती, नवा बसवायचा होता. "किरकोळ काम हाय," असं काका सगळ्या मजल्यांवर सांगत फिरले. पण त्या दिवशी इस्पितळात बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी बसले, तेव्हा आतल्या दारावरून नजर हटवत नव्हते. भलतेच घाबरले होते बिचारे.

"आख्खा जल्म मशिनी उघडल्या," ते म्हणाले. "आज हिला आत घेतलीय, नि मी भायेर."

तासाभराने आम्हाला आत सोडलं. काकू जाग्या होत्या, आम्हाला बघून हसल्या. उशाशी मॉनिटर चालू होता. मला वाटलं, आता काका वायरी तपासणार आणि नर्सबाईंचं काही खरं नाही. पण ते मॉनिटरकडे पाठ करून स्टुलावर बसले आणि त्यांनी काकूंचं मनगट धरलं.

"किती ठोके पडतायत काका?" मी हळूच विचारलं.

"मोजतंय कोन?" ते म्हणाले. "हात धरलाय नुसता."