खिडकी उघडा जरा

दिल्लीतल्या आमच्या सोसायटीतले सबनीस कुठल्याही मराठी बाईला भेटले की नमस्काराच्या आधी विचारतात, "लग्नात तुम्ही नाव काय घेतलं होतंत?"

लिफ्टमध्ये विचारतात, भाजीच्या गाडीपाशी विचारतात. एकदा डोळ्यांच्या दवाखान्यात, शेजारची बाई थेंब घालून डोळे मिटून बसली असताना, तिच्या फायलीवरचं आडनाव वाचून विचारलं. ती दचकून म्हणाली, "कौन है?" सबनीसांनी न डगमगता सांगितलं, "मी प्रभाकर सबनीस, रिटायर्ड डेप्युटी सेक्रेटरी. तुम्ही डोळे मिटूनच सांगा, चालेल."

नातवंडांनो, तुम्ही दोघं तिकडे टोरांटोत वाढताय, म्हणून सांगते. आपल्याकडे लग्नात नवरीला आग्रह करतात. मग ती यमक जुळणाऱ्या दोन ओळी म्हणते आणि दुसऱ्या ओळीत नवऱ्याचं नाव गुंफते. त्याला उखाणा म्हणतात, किंवा नुसतं 'नाव घेणं'. बहुतेक उखाणे अगदी सामान्य असतात. मी स्वतः घेतलेला तर सांगण्याच्याही लायकीचा नाही.

सबनीसांच्या पत्नी कुमुदताई तीन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांनी लग्नात घेतलेल्या उखाण्यातलं यांना एवढंच आठवतं: "प्रभाकररावांचं नाव घेते, खिडकी उघडा जरा." पहिली ओळ गायब आहे. ती शोधणं हे आता सबनीसांचं पूर्णवेळ काम झालं आहे. कुमुदताई हयात असताना या माणसानं त्यांना काही विचारल्याचं मला आठवत नाही. चहा मागितल्याचं आठवतं.

शोध साधेपणानं केला तर ते सबनीस कसले! त्यांनी त्याचा सिद्धान्त बनवला. एका संध्याकाळी आमच्याकडे येऊन, बसायच्या आधीच म्हणाले, "ऑन रेकॉर्ड सांगतो, हे साधं वाक्य नव्हे. नवी नवरी म्हणते, खिडकी उघडा. खिडकी म्हणजे काय?"

"खिडकी म्हणजे खिडकी," मी म्हटलं.

"मन! खिडकी म्हणजे मन! कुमुदनं ते स्वतः रचलं असणार किंवा एखाद्या लुप्त परंपरेतून उचललं असणार. मुळापर्यंत जावं लागेल."

मुळापर्यंत जायला ते प्रथम गाझियाबादच्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला गेले. हळदीकुंकू हा बायकांचा समारंभ. तिथे जाकीट घालून, पहिल्या रांगेत, गुडघ्यावर हात ठेवून बसलेला एकच पुरुष म्हणजे आमचे सबनीस. बायकांनाही खेळ मिळाला. 'जरा'ला यमक जुळवायची स्पर्धाच लागली. एक म्हणाली, "डोंगराच्या कुशीत पाण्याचा झरा." दुसरी म्हणाली, "चांदण्यात न्हाला मोगऱ्याचा तुरा." फरीदाबादहून आलेल्या एका चावट बाईनं सुचवलं, "सासूबाई तापट, सासरा बरा!" सगळ्या खो खो हसल्या. सबनीस मात्र गंभीरपणे मान हलवत म्हणाले, "असंभव. माझे वडीलही तापटच होते."

जानेवारीत मंडळाची बस पानिपतला काला अंबला जाते. लढाईत पडलेल्यांच्या स्मारकासमोर धुक्यात आम्ही सगळे मान खाली घालून उभे होतो. पाहते तो सबनीस जागेवर नाहीत. ते पलीकडे फौजींच्या बायकांच्या घोळक्यात शिरलेले! साताऱ्याकडची एक जवानाची बायको त्यांना चांगलीच फैलावर घेत होती. "काका, हितं आपली येवढी माणसं पडली, आन् तुमी नाव कसलं इचारताय?"

"बिल्कुल बरोबर आहे तुमचं," सबनीस म्हणाले. "पण तुमचं नाव 'रा'वर संपतं का?"

परतीच्या प्रवासात मी त्यांच्या शेजारची जागा मुद्दाम सोडून बसले.

आमच्या टॉवरमध्ये नुकतीच आलेली एक तरुण मुलगी त्यांच्या प्रश्नाला म्हणाली, "अंकल, आमचं कोर्ट मॅरेज झालं. मी फक्त सही केली." तर तिला उभं करून उखाण्याची परंपरा कशी बुडाली, यावर यांनी पार्किंगमध्येच व्याख्यान दिलं. तिच्या हातातलं आइस्क्रीम वितळून चपलेवर पडेपर्यंत.

मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं. एखाद्या गोष्टीचा शोध घ्यायचा तर आधी ती घडली तेव्हा तिथे कोण हजर होतं ते पाहायचं, एवढं मला सातवीतल्या मुलांनाही सांगावं लागत नसे. मागच्या रविवारी सबनीस पुन्हा 'तुरा' बरा की 'झरा' बरा, हे विचारायला आले, तेव्हा माझा संयम सुटला.

"तुमच्या लग्नाला हजर असलेलं आज कुणी आहे का?"

"तसं कुणी नाही. म्हणजे, वहिनी आहे अमरावतीला."

"मग तिला विचारलंत?"

"वहिनीला?" सबनीस हसले. "अहो, तिला साहित्यातलं काय कळतं!"

दिल्ली, गाझियाबाद, फरीदाबाद, पानिपत पालथं घालून झालं आणि घरच्या वहिनीला एक फोन नाही. याला सरकारी नोकरी म्हणतात. मी त्यांच्याच मोबाइलवरून त्यांना व्हिडिओ कॉल लावायला लावला. वहिनी पंच्याऐंशीच्या पुढच्या, ऐकायला कमी येतं. त्यांनी फोन कानालाच धरला, त्यामुळे सबंध बोलणं होईपर्यंत आम्हाला पडद्यावर त्यांचा एक कान आणि त्यातली कुडी दिसत होती.

"वहिनी, मी प्रभाकर!"

"कोण? भाऊजी? जेवलात का?"

"जेवलो! वहिनी, लग्नात कुमुदनं नाव घेतलं होतं, ते आठवतंय का?"

"न आठवायला काय झालं? मीच तर शिकवलं होतं तिला. माझ्या लग्नात मीही तेच घेतलं होतं." आणि कान खणखणीत आवाजात म्हणाला, "हळदीच्या पाटावर तांदळाची रास, प्रभाकररावांचं नाव घेते तुमच्यासाठी खास!"

सबनीसांचा चेहरा पडला. परंपरा लुप्त नव्हती, चांगली घरोघर नांदत होती.

"पण वहिनी, खिडकी? त्यात खिडकी होती ना?"

"खिडकी उखाण्यात कशाला असेल? अहो, होमाची लाकडं ओली. थंडी म्हणून सगळ्या खिडक्या लावलेल्या. धूर हा एवढा कोंडलेला, आणि तुम्ही खोकून खोकून लाल झालेले. त्यात बायकांनी आग्रह धरला, नाव घे, नाव घे. पोरीनं तांदळाची रास म्हटलं, तुमचं नाव घेतलं, तुमच्याकडे एकदा पाहिलं, आणि 'खास' राहिलं बाजूला. म्हणाली, खिडकी उघडा जरा, यांना धूर सोसत नाहीये! सगळे हसले. सासूबाईंना मात्र राग आला. अजून उंबरा ओलांडला नाही आणि हुकूम सोडते म्हणाल्या."

म्हणजे तीन वर्षं सगळ्या बायका 'जरा'ला यमक शोधत होत्या, आणि तिथे यमक नव्हतंच. पहिली ओळ यांना आठवणार तरी कशी? ती म्हटली गेली तेव्हा हे खोकत होते.

"झालं समाधान?" मी म्हटलं. "काव्य नाही, परंपरा नाही. पहिली ओळ वहिनींची, आणि तुमची ती खिडकी म्हणजे खिडकीच."

"हो," सबनीस म्हणाले. ऑन रेकॉर्ड वगैरे काही म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, "म्हणजे शिकवलेलं होतं ते मला आठवत नव्हतं. तिचं स्वतःचं होतं, तेवढंच आठवत होतं."

मी त्यांच्यापुढे चहाचा कप सरकवला, तो त्यांनी बाजूला ठेवला.

"त्यानंतर तिनं माझं नाव कधी घेतलंच नाही. पुढे जन्मभर 'अहो'. मी दुसऱ्या खोलीत असलो तर भांडं वाजवायची. नाव ते तेवढं एकदाच."

फोनमधला कान अजून तिथेच होता. "भाऊजी? आहात का?"

"वहिनी," सबनीस फोन जवळ घेत म्हणाले, "ते परत एकदा म्हणा. पहिल्यापासून. कुमुद जसं म्हणाली तसं."

वहिनींनी म्हटलं. रास, नाव, खिडकी, धूर, सगळं. सबनीसांनी पुन्हा म्हणायला सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा वहिनी वैतागल्या. "किती वेळा ओरडू? ऐकू मला येत नाही की तुम्हाला?"

आमच्या शेजारच्या खोलीतसुद्धा प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू जात असणार.

"मला नाही आलं नीट," सबनीस म्हणाले. "पुन्हा एकदा म्हणा."