देवपूरचा उन्हाळा आणि नानांचे ससे

इथे देवपूरला आमच्या शेजारी राहणारे नाना माणसाचं वय आठवड्यांत मोजतात. मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला गेलो, तर विचारलं, "किती आठवड्यांची झाली?"

"पंचवीस वर्षं पूर्ण."

"म्हणजे तेराशेच्या वर! आणि वजन?"

आता लग्नाच्या मुलीचं वजन बाप सांगत फिरतो का? पत्रिका ठेवून मी निघालो.

नाना धुळ्याच्या कॉलेजातून निवृत्त झाले, संख्याशास्त्र शिकवायचे. घरात एकटेच. अंगणात पिंजरे, पिंजऱ्यांत दोन जातींचे ससे आणि डोक्यात एकच प्रश्न: थंड मुलखातले हे ससे आपल्या उन्हात वाढतात कसे? दर रविवारी एकेक ससा काट्यावर चढतो. वजन वहीत, ठिपका आलेखावर. जावई चांगला मिळालाय म्हटलं, तरी नाना म्हणणार, "ठिपके पडू द्या, भाऊ. मग बोलू."

यंदा या मोजणीचा तिसरा आणि शेवटचा उन्हाळा. नव्या पिल्लांची बारा आठवड्यांची वजनं मिळाली, की शोधनिबंध पुरा. जुन्या कॉलेजात तो वाचायचंही ठरलं होतं. नानांनी त्यासाठी इस्त्रीचा सदराही काढून ठेवला होता.

दहाव्या आठवड्यात मे महिना असा तापला, की ससे खाईनात. वजनं उतरली. मी ओलं पोतं घेऊन गेलो, तर नाना अंगावरच आले. "हात लावू नका! गारवा दिला, की आकडे खोटे!"

मला संताप आला. "नाना, तुम्ही माणूस आहात की वजनकाटा?" असं तोंडावर बोलून परत आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या कूलरची घरघर अंगणातून ऐकू आली. भिंतीवरून डोकावलो. घरातला एकुलता एक कूलर पिंजऱ्यांपुढे लावलेला. नाना बनियनवर, घामाने निथळत, एका पिल्लाला ओल्या फडक्याने पुसत होते.

"अहो नाना, दोनच आठवडे राहिले होते!"

"बठ्ठं गयं, भाऊ. तिन्ही उन्हाळे, सगळं गयं." एरवी शुद्ध बोलणारे नाना एकदम घरच्या बोलीवर आले. "पण धापा टाकत व्हता. जीव शे ना तो! मन्हा एकट्याजवळ येऊन बसणारं दुसरं कोण शे?"

वही उघडीच पडली होती. त्या आठवड्याच्या रकान्यात एकही वजन नव्हतं. नानांच्या वळणदार अक्षरात एवढंच लिहिलेलं: 'आकडे बाद. ससे सगळे जिवंत.'