आईचा नमदा

"रविवारपर्यंत चिनारला अशी खोली करून देतो, की आत मुंगी शिंकली तर तेवढीच ऐकू येईल!" जानिशने बायकोला छाती ठोकून सांगितलं.

किर्गिझस्तानातल्या बिश्केक शहरात, एका शाळेत सुतारकाम शिकवणारा माणूस, हाताने हुशार. पण लेकीपुढे त्याची सगळी हुशारी थिटी पडत होती. सात वर्षांच्या चिनारच्या कानांना जगाचा आवाज टोचायचा. लिफ्ट खडखडली, ट्यूबलाइट गुणगुणली, की पोर कान दाबून थेट कपाटात! गेल्या आठवड्यात तिने जेवणही कपाटातच मागितलं. तिची आई बुरुल कपाटाच्या दाराला पाठ टेकून बाहेर बसली आणि तशीच जेवली. ते पाहिलं आणि बापाने मोजपट्टी उचलली.

जानिश कामाला लागला. ट्यूबलाइट काढून पिवळा दिवा लावला. भिंतींना दुधाळ चहाचा रंग दिला. बिजागऱ्यांना इतकं तेल पाजलं, की दारं नुसती थबथबली! पण भिंतीपलीकडच्या लिफ्टचं काय करावं? तेवढ्यात त्याला आठवलं, की उन्हाळ्यात कुरणावर त्याच्या आईच्या तंबूत चिनार गाढ झोपली होती. तंबूचा नमदा, म्हणजे दाबून घट्ट केलेली लोकर, बोटभर जाड. भिंतींना तोच लावायचा!

तो आईच्या गावी, नारिनला गेला, थोरल्या भावाकडून तंबू घेतला. आई तेव्हा शेजारी गेली होती. तिला नंतर सांगू म्हणाला.

शनिवारी बुरुल कामावर गेली. चिनार कपाटात होती. नमद्याला कुबट वास येत होता, म्हणून जानिशने तंबू इमारतीच्या अंगणातच उभा केला. ऊनही लागेल, मापंही घेता येतील!

आता, अंगणात तंबू उभा राहिला की त्या इमारतीत कुणीतरी गेलं, हे बिश्केकमध्ये शेंबड्या पोरालाही कळतं. जानिशलाही कळत होतं. पण डोक्यात सेंटिमीटर भरले होते ना!

तळमजल्यावरची म्हातारी सोनूनआपा डोक्याला रुमाल बांधत धावत आली. "बाळा, कुणाचा रे?"

"आईचा!" जानिश आतून ओरडला. "काल नारिनहून आणलं सगळं."

"अगं बाई! आणि आता?"

"जरा ऊन देतो, फार वास येतोय. मग कापून भिंतीला ठोकतो!"

सोनूनआपा तशीच मागे वळली. "दुःखाने डोकं फिरलं लेकराचं!" ती शेजाऱ्यांना म्हणाली. "त्याला काही विचारू नका. नुसतं रडा!"

अर्ध्या तासात अंगण भरलं. बाकं आली, चहाचा समोवार उकळू लागला, कुणी एक मेंढी ओढत आणली. पुरुषमंडळी रिवाजाप्रमाणे लांबूनच मोठ्याने रडत येऊ लागली. जानिश बाहेर डोकावला. इमारतीत कुणीतरी गेलं वाटतं! तंबू आयताच मिळाला म्हणून वापरला असेल. वापरू देत बिचाऱ्यांना! तोही रांगेत उभा राहून मनापासून रडला.

"कोण गेलं हो?" त्याने एका आजोबांना हळूच विचारलं.

आजोबांनी त्याला आणखीच घट्ट मिठी मारली.

एवढ्यात फाटकातून त्याची आई आली! तंबूचं कळताच पोराचे कान उपटायला सकाळच्या गाडीने निघाली होती. तंबू पाहिला, रडणारी माणसं पाहिली, आणि तिला कपाटात दडणारी नातच आठवली.

"माझी चिनार गं!" तिने हंबरडा फोडला, आणि तिथेच सुरावर विलाप धरला. गळा असा गोड, की मेंढीसुद्धा गप्प झाली! तिला ओळखणारे लोक मात्र पांढरेफटक. आजोबांच्या हातून पेला पडला. "स्वतःलाच रडायला आली!"

"आई, चिनार वर आहे, ठणठणीत आहे!" जानिश ओरडला, आणि जिने चढत धावला.

कपाट रिकामं!

आता मात्र त्याचं रडणं खरं झालं. "चिनार! चिनार!" तो खाली आला, मोटारींखाली वाकला, समोवारामागे पाहिलं. शेवटी आईनेच तंबूच्या दाराचा पडदा उचलला.

गुंडाळलेल्या नमद्यातून एक नाक बाहेर आलं होतं. पोरीचे हात कानांवर नव्हते. देवाची दया!

"बाबा," चिनार म्हणाली, "इथे सगळे लांब रडतात."

कुणी कुणाला सांगितलं नाही, पण अख्खं अंगण चिडीचूप झालं. पेले पोटाशी धरून चाळीस माणसं ओठांनी फुंकर न घालता चहा प्यायली.

जानिशने मान खाली घातली. "आई, कापायचा होता गं. तुला न विचारता आणला."

"मूर्खा, हा मी माझ्यासाठी राखला होता." म्हातारीने पांढरा नमदा कुरवाळला. "मी गेल्यावर लोक ह्यात बसून रडतील म्हणून." मग तिने बाहेरच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. "पण रडून तर झालं. चहाही झाला. आता मला हा कशाला? काप."

जानिशने कात्री लावली. कर्रर्र!

"हळू रे मेल्या," आई कुजबुजली, "पोरगी झोपलीये!"