देवरामजींचा ड्रायव्हर

१२ फेब्रुवारी, रविवार. बचत गटाचे तांदळाचे पापड अंगणातल्या खाटेवर पसरायचे होते, आणि मी आभाळाकडे पाहत होते. पावसासाठी नव्हे. गेले चार रविवार नऊच्या सुमारास माझ्या अंगणात आभाळातून एक पांढरा चेंडू पडतो. पहिल्या रविवारी मी किंचाळले. दुसऱ्या रविवारी अकरा पापड फुटले. चौथ्या रविवारी चेंडू थेट पापडाच्या पिठात रुतला, तेव्हा ठरवलं की आता ती काठीच जप्त करायची.

काठी शेजारच्या देवरामजींची. ते तुमसरच्या एका राइस मिलमध्ये तीस वर्षं तोलारी होते. काटा त्यांच्या हातात. व्यापाऱ्यानं डोळा मारो की दम देवो, काट्यावर दिसेल तेच वजन ते ओरडून सांगत. मिल सुटली, सवय सुटली नाही. भाजीवालीची वांगी ते हातावर झेलतात आणि म्हणतात, "पावाले दोन तोळे कमी हाय, बाई." माणसांनाही सोडत नाहीत. पहिल्या भेटीत मला म्हणाले, "वहिनी, तुमचं वजन डाव्या पायावर हाय. उजवा गुडघा दुखते का?" दुखत होता. मी थक्क झाले, मग रागावले. त्यांचं पेटंट वाक्य एकच: "वजन किती, ते कोणीबी सांगन. वजन कुठी हाय, ते पाहा!"

बायको गेली, एकुलता विलास अमेरिकेत. त्याचा फोन रविवारी सकाळी येई आणि अर्ध्या मिनिटात संपे. जेवले का, जेवलो, तब्येत, ठीक, ठेवतो. असल्याच एका फोननंतर दिवाळीच्या आधी देवरामजी माझ्या दारात आले.

"वहिनी, विलास ड्रायव्हर पाठवून राहिला."

यांच्याकडे वाहन म्हणाल तर एक सायकल. "सायकलीले ड्रायव्हर कायले?" मी विचारलं.

"मले काय मालूम? फोन ठेवला ना त्यानं. पण लय महागाचा हाय म्हणे. वजन इकडचं तिकडं करता येते म्हणे त्याचं."

"माणसाचं?"

"तेच तं!"

आम्ही दोघंही हादरलो होतो. पण येणारा माणूस उपाशी राहू नये. मी त्यांची मागची खोली झाडून घेतली, त्यांनी नवा टॉवेल आणला. ज्या दिवशी यायचा, त्या दिवशी मी दोन माणसांचा भात जास्त टाकला. दुपारी कुरिअरवाला आला आणि एक लांबट खोका देऊन गेला. ड्रायव्हर खोक्यातून निघाला. काळी दांडी, पुढे भोपळ्याएवढं नाही पण चांगल्या कवठाएवढं डोकं, डोक्याच्या बुडाला दोन स्क्रू, एक जड, एक हलका. ते फिरवायला एक पाना, आणि डझनभर चेंडू. गोल्फ नावाचा खेळ असतो, त्यातली ही सगळ्यांत लांब मारायची काठी; तिचंच नाव ड्रायव्हर. भात आम्ही दोघांनी खाल्ला. टॉवेलची घडी अजून मोडलेली नाही.

तर आज मी पापड अर्धे टाकून उठले आणि नऊच्या आधीच निघाले. त्यांच्या घरामागे धान कापलेल्या शेताच्या बांध्या आहेत. तिथून सरळ मारलं तर चेंडू बोडीच्या तळ्याकाठच्या पळसाकडे जातो. उजवीकडे वळला की माझं अंगण. मी बांधाच्या पाळीवरून त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. त्यांना पत्ता नव्हता.

त्यांनी मारला. चेंडू सरळ पळसाखाली. दुसरा मारला. पळसाखाली. तिसराही. माझं तोंड उघडंच राहिलं. सत्तरीचा माणूस, धोतर खोचलेलं, आणि चेंडू जणू दोरीला बांधून सोडलेला!

मग ते पाळीवर बसले, कनवटीचा पाना काढला आणि दोन्ही स्क्रूंची अदलाबदल केली. जड स्क्रू पुढच्या टोकाला. बोटावर तोलून पाहिलं, मान हलवली, उठले आणि मारला. चेंडू उजवीकडे वळत वळत गेला. माझ्या अंगणातून कोंबड्यांचा कलकलाट ऐकू आला.

"देवरामजी! जाणूनबुजून?"

ते दचकून वळले. काही बोलणार तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी मला हात जोडले आणि स्पीकर लावला.

"बाबा, आज कुठं गेला चेंडू?"

"उजवीकडंच बेटा. वहिनीच्या अंगणात."

"पुन्हा? मग जड स्क्रू दांडीच्या बाजूला, टाचेकडे घ्या."

"टाच म्हणजे कोणची बाजू रे?"

विलास समजावू लागला. मग पाय कसे ठेवता, खांदा कुठं असतो. मध्येच तुमचा गुडघा कसा आहे. मध्येच आईची ती लाखोरीच्या डाळीची वडी कशी करायची. मध्येच हसला. पाळीवर ऊन चढलं. पाऊण तास झाला. मी तशीच उभी होते, दोन्ही पायांवर.

फोन संपल्यावर देवरामजी दांडीकडे पाहत म्हणाले, "सरळ गेला म्हटलं तं तो म्हणन, छान बाबा, ठेवतो."

"मंग सांगून द्यायचं ना खोटंच, की वाकडा गेला म्हणून! माझे पापड काहून फोडता?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी काट्याखाली पाय घातला.

"खोटं? वहिनी, मी तोलारी हाओ."

मी पाळीवरून उतरले. घरी आले. पंधरा पापड फुटले होते.

१३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी मी पापडाची खाट अंगणातून उचलून घराच्या पलीकडच्या बाजूला, विहिरीजवळ नेली. कोंबड्यांचा खुराडाही सरकवला. अंगणात साठलेले पाच चेंडू धुऊन पिशवीत घातले आणि देवरामजींच्या फाटकाला अडकवून आले.