आकडीचा दाखला

विमान चालवायला शिकायचं तर आधी तब्येत ठणठणीत असल्याचा डॉक्टरी दाखला लागतो, हे कळल्यावर हौसेराव शिर्के हसले. वाशीच्या ज्या सरकारी कचेरीत ते वीस वर्षं चिकटून होते, तिथं दाखल्याशिवाय पान हलत नसे. पोरगा निशांत तर धडधाकट. तरीही तपासणीच्या दिवशी त्यांनी निशांतच्या आजारपणाची अख्खी फाइल काखेत मारली. जाडजूड फाइल पाहिली की साहेब लोक दबतात, असा त्यांचा अनुभव होता.

डॉक्टरीणबाईंनी डोळे, कान, छाती सगळं तपासलं. सगळं उत्तम. मग त्यांनी फाइल उघडली.

"याला आकडी येते? अकरा वेळा आलीय?"

निशांत उडालाच. "मला? पप्पा, कधी?"

हौसेरावांना घाम फुटला. वन डे मॅच असली की त्यांच्या रजेच्या अर्जात निशांतला आकडी येई आणि सेक्टरमधले फॅमिली डॉक्टर तसा दाखला देत. झेरॉक्स जपून ठेवायची खोड मात्र हौसेरावांची स्वतःची.

"एकदा जरी आली असेल तरी विमान विसरा," बाई म्हणाल्या.

निशांतचं तोंड एवढंसं झालं. बारावीपासून पोरानं दुसरं काही मागितलं नव्हतं.

"मॅडम, तारखा बघा ना," हौसेराव पुटपुटले. "सगळ्या इंडियाच्या मॅच हायेत."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तसं लिहून द्या. सहीनिशी. आणि मेंदूच्या डॉक्टरांकडूनही तपासून आणा."

हा कागद कचेरीत पोचला तर नोकरी गेलीच. तरी हौसेरावांनी लिहून खाली सही केली. त्या फाइलमधला तेवढा एकच कागद खरा होता.

निशांतला दाखला मिळाला. वर्षभरानं तो पहिल्यांदा एकट्यानं विमान उडवणार, असं फ्लाइंग क्लबातून कळलं. हौसेरावांनी रजेच्या अर्जात जन्मात पहिल्यांदा खरं कारण लिहिलं.

साहेबांनी अर्ज परत फेकला. "हौसेराव, थापा मारा, पण रेकॉर्ड बघून मारा! आकडीवाल्या पोराच्या हातात विमान कोण देतो? नामंजूर!"

खुलासा करायची सोय नव्हती. संध्याकाळी हौसेराव फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात जाऊन बसले. डॉक्टरांनी मान वर न करता पॅड ओढलं.

"नेहमीचंच ना?"

"नेहमीचंच."

दुसऱ्या दिवशी रजा तत्काळ मंजूर झाली. साहेबांनी तर उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"जपा हो पोराला," ते हळहळत म्हणाले. "एकट्याला कुठं सोडू नका."