टिपणीस डॉक्टरांचं महौषध

डॉक्टर टिपणीस दर रविवारी दुपारी फावडं घेऊन दुसऱ्यांचा कचरा उकरायला जातात, आणि जाताना टाय बांधतात.

पहिल्यांदा मी त्यांना खिडकीतून पाहिलं तेव्हा वाटलं, हा माणूस कुणाला तरी पुरायला निघालाय. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, खांद्याला पिशवी आणि गळ्यात लाल टाय. मी मुलाला विचारलं, "संदीप, हे कोण?"

"बाबा, ते मोठे बोन स्पेशालिस्ट होते. आता रिटायर्ड. पुण्याचे आहेत."

पुण्याचे म्हटल्यावर मी पुढचं काही विचारलं नाही.

माझी ओळख थोडक्यात देतो, कारण जास्त नाहीच. शाळा चौथीपर्यंत. मग साताऱ्याला बसडेपोत मेकॅनिक. इंजिनाचा आवाज ऐकून कुठे काय बिघडलंय ते सांगायचो आणि सांगितलेलं कधी मागे घ्यायचो नाही. बायको गेली, तेव्हा संदीपने मला ब्रिस्टलला आणलं. आलो तो त्याच्या समाधानासाठी. मला काही गरज नव्हती, हे मी विमानतळावरच सांगितलं होतं.

डॉक्टर खोदतात ती जागा गावाबाहेर नदीकाठी आहे. एका शेतकऱ्याचं रान, पण राणीछाप रुपयावरची जी राणी, तिच्या काळात सगळं शहर तिथे कचरा टाकायचं. त्या चिखलातून डॉक्टर औषधाच्या बाटल्या काढतात. मी एकदा विचारलंच, "अहो डॉक्टर, चिखलात जायला टाय कशाला?"

"वा जाधवराव! स्पेशालिस्टांना भेटायला चाललोय. शंभर वर्षांनी अपॉइंटमेंट मिळालीय, टाय नको?"

त्यांच्या पुढच्या खोलीत, जिथे लोक टीव्ही ठेवतात, तिथे छतापर्यंत फळ्या आहेत आणि फळ्यांवर नुसत्या बाटल्या. हिरव्या, तपकिरी, गर्द निळ्या. निळीला बाहेरून कंगोरे. "ही विषाची," डॉक्टर म्हणाले. "अंधारात हाताला कळावी म्हणून." एका कोपऱ्यात मला गोटीवाल्या सोड्याची बाटली दिसली आणि मी एकदम ओरडलो, "ही तर आमच्या स्टँडवरची!" त्या दिवसापासून ते माझ्याशी बरोबरीने बोलायला लागले. त्याआधी मी फारसं बोलत नव्हतो.

भिंतीवर त्याच काळातल्या जाहिराती, फ्रेम करून लावलेल्या. एकीत दाढीवाला साहेब. तो म्हणे मज्जातंतूंचा स्पेशालिस्ट, आणि टपालाने कुणालाही बरं करायचा. डॉक्टर ह्या जाहिराती मला मराठीत करून वाचून दाखवतात, ते ऐकण्यासारखं असतं. एक हात पाठीमागे, एक हवेत.

"अपचन, टक्कल, उदासी, जंत, आणि हिंदुस्थानच्या हवेने बिघडलेलं यकृत! पहिल्याच चमच्याला नवं आयुष्य!"

"हवेने?" मी म्हटलं. "मग आमचं का नाही बिघडलं?"

"कारण साहेब लोक संध्याकाळी सोड्यात जे घालायचे, ते तुम्ही घातलं नाहीत."

"लबाडच की मग हे."

"लबाड तर लबाड! अफू पाजून बाळं झोपवली ह्यांनी. काही उठलीच नाहीत." हे म्हणताना हवेतला हात खाली आला. मग पुन्हा वर गेला. "पण वचन बघा, वचन! मी आयुष्यभर पेशंटला काय सांगितलं? 'हाड जुळेल, पण थोडं दुखत राहील.' खरं सांगितलं, आणि माणूस तोंड पाडून घरी गेला. ह्यांचा माणूस दारातच अर्धा बरा!"

मला हा माणूस आवडतो, आणि मला चटकन कुणी आवडत नाही. एवढा शिकलेला, पण चिखलात मांडी घालून बसतो. बाटली सापडली की लहान बाळाला न्हाऊ घालावं तशी कोमट पाण्यात धुतो. गल्लीत कुणाला हॉस्पिटलचं पत्र आलं की ते त्यांच्याच दारी येतं. समोरच्या इंग्रज म्हातारीचा खुबा बदलला, तेव्हा तिला गाडीतून नेणं-आणणं ह्यांनीच केलं. आणि तिचा कुत्रा उदास राहतो म्हणून त्याच्यासाठी गाजराच्या रसाची बाटली भरून वर लेबल चिकटवलं, 'श्वानसंजीवनी'. कुत्र्याला गुण आला. डॉक्टरांनी म्हातारीकडून कुत्र्याच्या नावे प्रशस्तिपत्र लिहून घेतलं, खाली पंजाचा ठसा. तेही भिंतीवर आहे, दाढीवाल्याच्या शेजारी.

तेव्हापासून ते माझ्या मागे लागले होते. "जाधवराव, कंपनीला माणसाचं प्रशस्तिपत्र हवंय. दोन ओळी."

"गुण आल्याशिवाय मी लिहीत नसतो."

आता खरं सांगायचं तर मला झोप येत नव्हती. सकाळी सगळे कामावर, शाळेत जायचे आणि मी घर गरम ठेवणाऱ्या बॉयलरचा आवाज ऐकत बसायचो. त्याचा पंप खराब होता, पण मला कुणी हात लावू देईना. रात्री डोळे टक्क. संदीप जीपीची, म्हणजे इथल्या सरकारी डॉक्टरची, अपॉइंटमेंट घेतो म्हणाला, मी नको म्हटलं. गोळी खाऊन झोपायला मी काय आजारी आहे? "त्यापेक्षा माझं तिकीट काढ," म्हटलं. "साताऱ्यात झोप येते मला."  ते संदीपला लागलं, हे सुनेच्या वाढण्यावरून कळलं. मी मात्र शब्द मागे घेतला नाही.

हे त्याने डॉक्टरांना सांगितलं असणार. कारण दुसऱ्याच दिवशी डॉक्टर दारात. हातात एक तपकिरी बाटली, बूच लावलेली, वर मराठी लेबल. हा एकच डॉक्टर पाहिला, ज्याचं अक्षर वाचता येतं.

'टिपणीस महौषध. झोप न लागणे, अन्न गोड न लागणे, दिवसभर न बोलल्याने घसा बसणे आणि रविवारची दुपार, यांवर रामबाण. रोज संध्याकाळी दोन चमचे. एकट्याने घेतल्यास गुण येत नाही.'

मला राग आला. संदीपने घरातल्या गोष्टी बाहेर सांगाव्यात, आणि ह्यांनी त्या बाटलीवर लिहाव्यात! त्यात रविवारी दुपारी मला काय धाड भरलीय? रविवारी सगळे घरी असतात, सून वडे करते. पण दारात आलेल्याला काय बोलणार? बाटली घेतली. संध्याकाळी खोलीचं दार लावून दोन चमचे घेतले, एकट्याने. मला कुणी नियम शिकवलेला चालत नाही.

गुण शून्य. दुसऱ्या दिवशीही शून्य. तिसऱ्या संध्याकाळी मी मफलर गुंडाळला आणि बाटली घेऊन त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"डॉक्टर, तुमचं औषध खोटं आहे."

"कुणाबरोबर घेतलंत?"

"कुणाबरोबर म्हणजे? औषध आहे की पंगत?"

"मग कंपनी जबाबदार नाही. लेबल वाचा. आत या, थंडी आत येतेय."

त्यांनी दोन लहान काचेचे पेले काढले. दोन चमचे मला, दोन स्वतःला. समोरासमोर बसलो. मी म्हटलं, "हे बडीशेपेचं पाणी आहे. वर मध."

"हळू बोला. फॉर्म्युला गुप्त आहे."

मग गोटीच्या सोड्यावरून विषय निघाला. गोटी आत जाताना कसा आवाज येतो तो मी तोंडाने करून दाखवला, त्यांनीही केला, त्यांचा चुकला. मी घाटात बंद पडलेल्या बसची गोष्ट सांगितली. माझी बायको त्या बसमध्ये होती, हे मी इथे कुणाला सांगितलं नव्हतं. ती खाली उतरून म्हणाली होती, "मेकॅनिक आहात की नुसतेच काळे झालायत?" डॉक्टर पोट धरून हसले. पुढचं मला आठवत नाही.

जाग आली तेव्हा मी त्यांच्या खुर्चीत होतो. अंगावर शाल होती, बायकी, जांभळ्या काठाची. डॉक्टर समोर तसेच बसलेले, माझी झोप मोडू नये म्हणून मोठा दिवादेखील न लावता. संदीपला फोन करून, बाबा इथे आहेत, काळजी करू नको, असं कळवलंही होतं.

मी उठलो आणि टेबलावरची बाटली उचलली. कोपऱ्यातल्या लहान दिव्यापाशी तिला नीट पाहिलं. मी मेकॅनिक माणूस. उन्हात उभ्या गाडीचा रंग कसा उडतो, ते मला कुणी सांगायला नको. ते लेबल परवा लिहिलेलं नव्हतं. एका बाजूने कागद पिवळा पडला होता, शाई विटली होती. खिडकीच्या कट्ट्यावर मागे एक गोल डाग होता. त्यावर बाटली ठेवली, तर बरोबर बसली.

मी ब्रिस्टलला यायच्या कितीतरी आधीचं होतं ते. मग झोप कुणाला लागत नव्हती? घसा कुणाचा बसत होता? आणि मला पहिल्यांदा कळलं, की हा माणूस फावडं घेऊन रविवारीच का निघतो, आणि दुपारीच का.

"डॉक्टर, हे औषध जुनं आहे."

"औषध ताजं आहे," ते पेले धुता धुता म्हणाले. "लेबल जुनं. ही गेली, त्या वर्षीचं."

"आणि इतकी वर्षं कुणाला गुण आला?"

त्यांनी पेले पुसले, एकात एक ठेवले. पाठ माझ्याकडेच होती.

"कुणी घेतलंच नाही. दोन माणसं लागतात ना, जाधवराव."

 मी शालीची घडी केली, बायकांना पटेल अशी नाही झाली, पण केली. दारात म्हटलं, "उद्या साडेपाचला येतो. मध कमी घाला."

संदीपला तिकिटाचं मी पुन्हा बोललो नाही. त्यानेही विचारलं नाही. बॉयलरच्या पंपाला हात लावायची परवानगी मात्र मिळाली.

तर वाचकहो, डॉक्टर दोन ओळी म्हणाले होते, पण त्यात हे बसेना. म्हणून एवढं लिहिलं. जे लिहिलंय ते स्वतः घेऊन, गुण आल्यावर लिहिलंय. हे भिंतीवर लावायचं तर दाढीवाल्याच्या वर लावावं, कुत्र्याच्या खाली चालणार नाही.

रविवारी आता मीही नदीकाठी जातो. टाय बांधणार नाही, हे मात्र आधीच सांगून ठेवलंय.